जुळवून कोणी घ्यायचं?

'दुर्बिणीची तपासणी' म्हटलं की आजही भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. माणसाचं शरीर आतून सरळ नाही. घसा वळतो, आतडं तर वेटोळंच. त्यामुळे आत डोकावण्याच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात खरा प्रश्न एकच राहिला : जुळवून कोणी घ्यायचं, रोग्यानं की हत्यारानं?

सुरुवातीला घेतलं ते माणसानं. 1868 साली जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथे डॉ. अडॉल्फ कुसमाउल यांनी धातूची ताठ नळी पोटापर्यंत घातली ती तलवार गिळून दाखवणाऱ्या एका खेळवाल्याच्या! मान मागे टाकून तोंड, घसा, अन्ननलिका एका रेषेत आणण्याची त्याला सवयच. पण सगळेच काही तलवारी गिळत नाहीत ना.

1932 मध्ये रुडॉल्फ शिंडलर यांनी गेऑर्ग वोल्फ या कारागिराकडून थोडी वाकणारी नळी करून घेतली. तरी वरचा भाग ताठच. म्हणून तपासणीच्या वेळी शिंडलर यांची पत्नी गाब्रिएले रोग्याचं डोकं हातात धरून बसे, त्याला धीर देई. यंत्राला जे जमत नव्हतं, ते तिचे हात करत होते. इतिहासात असे हात सहसा नोंदले जात नाहीत. अमेरिकेतल्या एंडोस्कोपी परिचारिकांच्या संघटनेने मात्र तिच्या नावाचा पुरस्कार ठेवला आहे.

पुढची उडी काचेच्या केसासारख्या तंतूंनी घेतली. पंजाबी वंशाचे नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे गुरू हॅरल्ड हॉपकिन्स यांनी 1954 मध्ये अशा तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेता येतं हे लंडनमध्ये दाखवलं. ते वाचून अमेरिकेत मिशिगनला बॅसिल हिर्शोविट्झ कामाला लागले. 1957 मध्ये लवचीक दुर्बीण तयार झाली, ती त्यांनी आधी स्वतःच्याच घशातून उतरवली.

आता हत्यार वाकलं खरं, पण नवी अडचण आली. लुळी नळी बघायला चालते. कापायला, टाके घालायला आधार लागतो. 2000 साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या दा विंची यंत्राच्या हत्यारांना टोकाशी मनगट आहे, दांडा मात्र सरळच.

मग साप आठवला. जपानमध्ये शिगेओ हिरोसे यांनी 1972 मध्येच सरपटणारं यंत्र केलं होतं. पुढे पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले हॉवी चोसेट आणि त्यांचे सहकारी यांनी सर्जनसाठी साप घडवला. त्याची युक्ती ऐकण्यासारखी आहे. एकात एक अशा दोन नळ्या, मणक्यांसारख्या कड्यांच्या, आतून तारा ओवलेल्या. तार ताणली की नळी ताठ, सोडली की लुळी. एक ताठ राहून आधार देते, तेवढ्यात दुसरी पुढे सरकते. मग ती ताठ होते नि पहिली मागून येते. टोक गेलं त्याच वाटेनं सगळं अंग जातं, आजूबाजूला रेटा देत नाही.

याच विचारातून झालेल्या फ्लेक्स यंत्राला 2015 मध्ये अमेरिकेत तोंड-घशाच्या शस्त्रक्रियांसाठी परवानगी मिळाली. जिभेच्या मुळाशी गाठ असली की पूर्वी कित्येकदा जबड्याचं हाड कापून वाट करावी लागे. आता निवडक रोग्यांत तोंडाच्या वाटेनंच तिथे पोचता येतं. कापायचं किती, थांबायचं कुठे, हे अजून सर्जनच ठरवतो. सापाला अक्कल नाही. पण नुसतं ताठ राहून भागत नाही, नुसतं नमूनही नाही, हे मात्र त्याला बरोबर शिकवलेलं आहे.