थंडरबोल्ट आणि सायक्लोन : एकाच किनाऱ्यावरचे दोन म्हातारे

१/
१७ नोव्हेंबर २०००. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील कोनी आयलंडचा समुद्रकिनारा. पहाटेच्या अंधुक उजेडात महापालिकेची यंत्रे एका गंजलेल्या सांगाड्यापाशी येऊन उभी राहिली आणि ‘थंडरबोल्ट’ नावाचा पंचाहत्तर वर्षांचा रोलर कोस्टर पाडण्यास सुरुवात झाली. जागेच्या मालकाला याची पूर्वसूचना देण्यात आली नव्हती.

२/
तेथून दहाएक मिनिटांच्या चालीवर दुसरा रोलर कोस्टर उभा होता, ‘सायक्लोन’. वयाने थंडरबोल्टपेक्षा अवघा दोन वर्षांनी लहान. तोच खारा वारा, तीच वाळू, तेच हिवाळे. तो आजही धावतो. एकाला म्हातारा ठरवून पाडले आणि दुसऱ्याला म्हातारा म्हणूनच जपले, असे का झाले? हा धागा त्याविषयी आहे.

३/
आपल्याकडे जत्रेतल्या आकाशपाळण्याला आपला असा शब्द आहे. रोलर कोस्टरला तसा शब्द कधी रुजलाच नाही. त्यामुळे आधी या यंत्राची ओळख करून घेणे बरे. त्याचे मूळ करमणुकीत नसून कोळशात आहे. पेनसिल्व्हेनियातील मॉक चंक या गावी १८२७ मध्ये डोंगरावरचा कोळसा खाली आणण्यासाठी उताराचा रूळमार्ग बांधण्यात आला. डबे केवळ स्वतःच्या वजनाने खाली घरंगळत. पुढे या मार्गावर कोळशापेक्षा हौशी प्रवाशांचीच गर्दी होऊ लागली.

४/
कोनी आयलंडवर १६ जून १८८४ रोजी लामार्कस थॉम्पसन याने ‘स्विचबॅक रेल्वे’ सुरू केली. भाडे पाच सेंट. वेग ताशी सुमारे दहा किलोमीटर, म्हणजे सायकलस्वारानेही सहज मागे टाकावा इतका. प्रवासी जिना चढून मनोऱ्यावर जात, बाकावर आडवे तोंड करून बसत आणि लाटांसारख्या उतारावरून पलीकडच्या मनोऱ्यापर्यंत जात. तेथे उतरायचे, डबा दुसऱ्या रुळावर घ्यायचा आणि परत यायचे. एवढ्यासाठी लोक रांगा लावत होते.

५/
मात्र वर्षभरातच प्रतिस्पर्ध्यांनी सलग गोल फिरून येणारा मार्ग आणि साखळीने डबा वर ओढणारी चढण आणली. थॉम्पसनची गाडी पाहता पाहता जुनाट झाली. ती गेली तेव्हा कोणी हळहळले नाही. रोलर कोस्टर ही त्या काळी नाटकाच्या नेपथ्यासारखी वस्तू होती. प्रयोग संपला की नेपथ्य उतरवायचे आणि फळ्या दुसरीकडे वापरायच्या. या यंत्राला ‘वारसा’ म्हणता येईल ही कल्पना जन्माला यायला अजून नव्वद वर्षे होती.

६/
खरी क्रांती एका चाकाने केली. जॉन मिलर या अभियंत्याने १९१९ मध्ये एका रचनेचे पेटंट घेतले. डब्याला रुळाच्या वर चाके असतातच. त्याने रुळाच्या खालच्या बाजूलाही चाके बसवली. आता डबा उधळून रुळावरून वर उचलला जाणे शक्य नव्हते. तोवर उतार सौम्य ठेवावे लागत, कारण डब्याला खाली धरून ठेवणारे वजनाखेरीज दुसरे काही नव्हते. या चाकांनंतर उतार कड्यासारखे झाले. आज धावणाऱ्या जवळपास प्रत्येक रोलर कोस्टरखाली मिलरची ही कल्पना फिरत असते.

७/
कोनी आयलंडवर मग तीन वर्षांत तीन राक्षस उभे राहिले. १९२५ मध्ये खुद्द मिलरने आखलेला थंडरबोल्ट, १९२६ मध्ये टॉर्नेडो आणि २६ जून १९२७ रोजी व्हर्नन कीनन याने आखलेला सायक्लोन. सायक्लोनची उंची २६ मीटर, पहिला उतार सुमारे ५९ अंशांचा, वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास. त्याला जागा करून देण्यासाठी ‘जायंट रेसर’ नावाचा आधीचा कोस्टर पाडण्यात आला होता. आज वारसा म्हणून मिरवणारा सायक्लोन एका जुन्या कोस्टरच्या थडग्यावर उभा आहे, हे त्याच्या चाहत्यांना फारसे आठवत नाही.

८/
थंडरबोल्टची गोष्ट अधिक विलक्षण. तो ज्या जागेवर बांधायचा होता तेथे एकोणिसाव्या शतकातले ‘केन्सिंग्टन हॉटेल’ होते. मालक जॉर्ज मोरान याने इमारत पाडली नाही. कोस्टरच तिच्यावरून नेला. सांगाड्याचे पोलादी खांब थेट घरातून गेले होते. मोरान कुटुंब त्या घरात राहत असे आणि दिवसभर डोक्यावरून गाड्या धडधडत जात. वुडी ॲलनच्या १९७७ च्या ‘ॲनी हॉल’ या चित्रपटातील नायकाचे बालपण ज्या घरात गेल्याचे दाखवले आहे, ते हेच. प्रेक्षकांना तो विनोदी कल्पनाविलास वाटला. प्रत्यक्षात दिग्दर्शकाला काही रचावे लागले नव्हते.

९/
१९२० चे दशक हा या यंत्राचा सुवर्णकाळ. उत्तर अमेरिकेत त्या वेळी दीड ते दोन हजार कोस्टर असावेत असा अंदाज सांगितला जातो. १९६० च्या सुमारास त्यातले दोनशेही उरले नव्हते. आधी महामंदीने उद्याने बुडाली, मग युद्धकाळात लाकूड, पोलाद आणि रबर मिळेनासे झाले. त्यानंतर मोटारगाडी आणि दूरचित्रवाणीने माणसे शहरी उद्यानांपासून तोडली. यंत्रे थकली होती हे खरे, पण ती थकण्याआधी तिकीटखिडकी थकली होती.

१०/
लाकडी कोस्टर म्हातारा होतो म्हणजे काय, हे येथे नीट समजून घ्यायला हवे. त्याचा रूळ एकावर एक रचलेल्या फळ्यांच्या थरांचा असतो आणि वर चाकांसाठी पोलादाची पट्टी. प्रत्येक फेरीगणिक तो किंचित हलतो, बोल्ट ढिले होतात, फळ्या झिजतात, पावसाने फुगतात. म्हणून कामगार रोज सकाळी उद्यान उघडण्याआधी संपूर्ण रुळावरून चालत जातात. जी फळी गेली ती काढायची, नवी बसवायची. हंगाम संपला की मोठे तुकडे बदलायचे.

११/
याचा अर्थ असा की वापरात असलेल्या लाकडी कोस्टरला ठरावीक आयुष्यच नसते. सायक्लोनचा सांगाडा पोलादाचा, रूळ लाकडाचा. पण आज त्यावर धावणारी गाडी १९२७ च्या फळ्यांवरून जात नाही. तो मारला जातो तो झीज झाल्यामुळे नव्हे, तर झीज भरून काढणे थांबल्यामुळे. रुळावरून चालत जाणारा माणूस ज्या दिवशी येईनासा होतो, त्या दिवसापासून त्याचे वय मोजले जाऊ लागते.

१२/
आता जमिनीकडे वळू. थंडरबोल्टशेजारीच ‘स्टीपलचेस पार्क’ हे १८९७ पासूनचे प्रसिद्ध उद्यान होते. ते १९६४ मध्ये बंद पडले आणि पुढच्या वर्षी फ्रेड ट्रम्प या बांधकाम व्यावसायिकाने ती जागा घेतली. त्याला तेथे राहत्या इमारती बांधायच्या होत्या. १९६६ मध्ये त्याने उद्यानाच्या भव्य काचेच्या मंडपाचा चक्क ‘पाडकाम समारंभ’ केला आणि निमंत्रितांना काचांवर विटा फेकायला दिल्या. शहराने इमारतींसाठी जमिनीचा वापर बदलून दिला नाही. मंडप गेला, इमारतीही झाल्या नाहीत. (डोनाल्ड ट्रम्प यांचे वडील ते हेच.)

१३/
योगायोग असा की वारसा जपण्याची भाषा याच शहरात, याच सुमारास जन्मत होती. १९६३ मध्ये न्यूयॉर्कचे भव्य पेनसिल्व्हेनिया स्टेशन पाडायला घेतले गेले, नागरिक संतापले आणि १९६५ मध्ये शहराने वास्तुसंरक्षणाचा कायदा केला. पण हा कायदा डोळ्यांसमोर होता तो दगडी स्तंभ आणि संगमरवरी दालनांचा. चणेफुटाणे खात रांगेत उभे राहण्याच्या जागेलाही तो लागू होईल, असे त्या वेळी फार थोड्यांना वाटले असेल.

१४/
सायक्लोनवर वेळ आली ती १९७० च्या दशकाच्या आरंभी. जागा तोवर शहराच्या मालकीची झाली होती आणि शेजारच्या मत्स्यालयाला विस्तारासाठी ती हवी होती. ‘सायक्लोन वाचवा’ अशी मोहीम उभी राहिली. अखेर १९७५ मध्ये ‘ॲस्ट्रोलँड’ या शेजारच्या उद्यानाने तो भाड्याने घेतला, दुरुस्त केला आणि त्याच उन्हाळ्यात पुन्हा सुरू केला. येथे भावनेचा विजय झाला असे म्हणण्याचा मोह होतो. पण मोहिमेइतकेच महत्त्वाचे होते ते दुरुस्तीचा खर्च उचलायला तयार असलेला एक भाडेकरू सापडणे.

१५/
१९७७ च्या अखेरीस टॉर्नेडो आगीत नष्ट झाला. १९७८ मध्ये कोस्टरप्रेमींची ‘अमेरिकन कोस्टर एन्थुझिअस्ट्स’ ही संघटना स्थापन झाली. नेपथ्य समजून उतरवली जाणारी वस्तू आता नोंदी ठेवण्याजोगी, यादी करण्याजोगी, वाचवण्याजोगी झाली होती. १९८८ मध्ये न्यूयॉर्क शहराने सायक्लोनला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला, १९९१ मध्ये तो राष्ट्रीय नोंदणीतही गेला. कोनी आयलंडचा १९२० सालचा ‘वंडर व्हील’ पाळणा आणि ‘पॅराशूट जंप’ हा मनोरा, दोघेही १९८९ मध्ये संरक्षित झाले.

१६/
या यादीत थंडरबोल्ट नव्हता. तो १९८२ मध्ये थांबला होता. पुढे तळलेल्या कोंबडीच्या उपाहारगृहांवर पैसा कमावलेल्या होरेस बुलार्ड या उद्योजकाने ती जागा घेतली. तेथे नवे भव्य स्टीपलचेस उद्यान उभारण्याचे त्याचे स्वप्न होते. ते प्रत्यक्षात आले नाही. थंडरबोल्टच्या रुळावरून रोज सकाळी चालणारे आता कोणी नव्हते. वेली चढल्या, लाकूड कुजले, घर ओसाड पडले. छायाचित्रकारांना मात्र तो फार आवडे.

१७/
मग बेसबॉल आला. स्टीपलचेसच्या मोकळ्या जागेवर शहराने नवे मैदान बांधायला घेतले. महापौर रुडी जुलियानी यांच्या कारकिर्दीतला हा लाडका प्रकल्प. मैदानाला लागूनच एक गंजका, वेलींनी भरलेला सांगाडा. महापालिकेने तो कोणत्याही क्षणी कोसळेल असे जाहीर केले आणि मग ती नोव्हेंबरची पहाट उजाडली. मैदान २००१ च्या उन्हाळ्यात सुरू झाले. तेथे खेळणाऱ्या संघाचे नाव ठेवले गेले ‘ब्रुकलिन सायक्लोन्स’. कोस्टरच्या नावाने संघ काढायचा आणि शेजारचा कोस्टर पाडायचा, हे एकाच प्रशासनाला एकाच वेळी जमले.

१८/
बुलार्ड न्यायालयात गेला. २००३ मध्ये ज्यूरीने कौल दिला की पाडकामाला योग्य कारण नव्हते. थंडरबोल्ट तातडीने पाडावा इतका धोकादायक असल्याचे शहराला पटवून देता आले नाही. निकाल लागला तोवर जागा सपाट होऊन तीन वर्षे होत आली होती. मात्र येथे शहराला खलनायक आणि मालकाला नायक ठरवणे घाईचे होईल. पंधरा वर्षे त्या यंत्राला एक नवी फळी मिळाली नव्हती, आणि ती जबाबदारी महापालिकेची नव्हती. पहाटेच्या यंत्रांनी जे एका दिवसात केले, त्याची बरीचशी तयारी दुर्लक्षाने आधीच करून ठेवली होती.

१९/
पाडणे किंवा जपणे, एवढे दोनच मार्ग असतात असेही नाही. कॅनडात ऑन्टॅरिओच्या क्रिस्टल बीचवर १९२७ चा दुसरा एक ‘सायक्लोन’ होता. तो इतका भीषण की फलाटावर परिचारिका ठेवलेली असे. १९४६ मध्ये तो उतरवला गेला, पण त्याचे पोलाद वापरून तेथेच १९४८ मध्ये ‘कॉमेट’ उभा राहिला. १९८९ मध्ये ते उद्यानच बंद झाले, तेव्हा कॉमेट लिलावात विकला गेला. त्याचे भाग सोडवून नेले आणि १९९४ पासून तो न्यूयॉर्क राज्यातील ‘ग्रेट एस्केप’ उद्यानात धावतो आहे.

२०/
पेनसिल्व्हेनियात अल्टूना येथील ‘लीप द डिप्स’ १९०२ चा, मिलरच्या खालच्या चाकांआधीच्या पिढीतला. १९८५ मध्ये तो बंद पडला. तब्बल चौदा वर्षांनी, १९९९ मध्ये, दुरुस्त होऊन पुन्हा सुरू झाला. दरम्यान १९९६ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला होता. थंडरबोल्टही तेव्हा बंदच होता आणि जवळपास तितकीच वर्षे. कुजलेल्या लाकडाला परतीचा रस्ता असतो, हे त्याच काळात, शेजारच्याच राज्यात सिद्ध होत होते.

२१/
आजची निवृत्ती वेगळ्या प्रकारची असते. ओहायोतील ‘सीडर पॉइंट’ने १९९१ चा ‘मीन स्ट्रीक’ हा अवाढव्य लाकडी कोस्टर २०१६ मध्ये बंद केला. प्रवाशांची हाडे खिळखिळी करण्यासाठी तो कुप्रसिद्ध झाला होता. त्याच्याच लाकडी सांगाड्यावर पोलादी रूळ चढवून २०१८ मध्ये ‘स्टील व्हेंजन्स’ सुरू झाला. कोस्टर गेला की राहिला, यावर चाहते अजून भांडतात.

२२/
आणि ‘किंगडा का’. न्यू जर्सीत २००५ मध्ये सुरू झालेला, १३९ मीटर उंच, ताशी २०६ किलोमीटर वेगाचा, त्या काळी जगातला सर्वांत उंच असलेला कोस्टर. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो बंद झाल्याची घोषणा झाली तेव्हा शेवटची फेरी होऊनही गेली होती. चाहत्यांना निरोपाची संधी मिळाली नाही. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी स्फोटके लावून तो पाडण्यात आला. वय वर्षे वीसही पूर्ण नव्हती. लाकडी रुळाची फळी गावातला कुशल सुतारही घडवू शकतो. एका विशिष्ट कोस्टरसाठीच बनलेल्या प्रक्षेपण यंत्रणेचे तसे नसते.

२३/
सायक्लोन २०११ पासून ‘लूना पार्क’ या नव्या उद्यानाच्या ताब्यात चालवला जातो आणि गेल्या काही वर्षांत त्याच्या रुळाचे मोठे भाग नव्याने बांधले गेले आहेत. त्याच उद्यानाने २०१४ मध्ये जुन्या जागेच्या जवळच एक नवा कोस्टर उभारला. नारिंगी पोलादी रूळ, सरळ नव्वद अंशांची चढण आणि खाली घर नाही. त्याचे नाव ‘थंडरबोल्ट’.