कोर्टाभोवतीचा चौक

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात गहाणाचं कर्ज थकलं, की त्या जमिनीचा लिलाव काउंटीच्या कोर्टाच्या दाराशी पुकारतात. काउंटी हा तिथला कारभाराचा घटक. तिचं मुख्य ठिकाण असलेल्या गावात खरेदीखतासाठी, मृत्युपत्रासाठी, लग्नाच्या परवान्यासाठी, कर भरायला आणि खटल्याच्या तारखेला माणसाला यावंच लागतं. त्यामुळे गाव कोर्टाभोवती वसतं. मधोमध कोर्ट, चारही बाजूंना रस्ता आणि रस्त्यापलीकडे कोर्टाकडे तोंड करून बसलेली दुकानं. लाफायेट काउंटीचं मुख्य ठिकाण ऑक्सफर्ड हे असंच एक गाव. तिथल्या लोकांसाठी कोर्टाभोवतीचा हा चौक म्हणजे नुसता ‘स्क्वेअर’.

हा साचा मिसिसिपीत जन्मलेला नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी आयर्लंडच्या उत्तरेला वसाहतीची गावं आखली. त्यातल्या लंडनडेरीच्या मध्यभागी चौक ठेवून त्यात सार्वजनिक इमारत उभी केली. 1682 साली फिलाडेल्फिया आखलं गेलं, तेव्हा दोन हमरस्ते जिथे छेदतात तिथे मोठा चौक सोडला होता. पेनसिल्व्हेनियातल्याच लँकेस्टरने अठराव्या शतकात अशा चौकात प्रत्यक्ष कोर्ट बांधलं. 1810 मध्ये टेनेसीतल्या शेल्बीव्हिलने त्यात बदल केला. चौकाच्या नाक्यावर इमारत घुसवण्याऐवजी एक अख्खा ठोकळा कोर्टासाठी मोकळा ठेवला आणि रस्ते त्याच्या कडेने नेले. भूगोलतज्ज्ञ एडवर्ड प्राइस यांनी 1968 साली या चौकांची वंशावळ मांडली, तेव्हा या नमुन्याला शेल्बीव्हिलचंच नाव दिलं. टेनेसीतून नव्या जमिनीच्या शोधात निघालेल्या लोकांबरोबर तो अलाबामा, मिसिसिपी, मिझुरी आणि टेक्सासपर्यंत पोचला. त्यामागे रोकडा हिशोबही होता. चौकाकडे तोंड असलेल्या प्लॉटना सगळ्यात चांगला भाव येई, आणि प्लॉट विकून आलेल्या पैशातून सार्वजनिक इमारती बांधता येत.

ऑक्सफर्डची जमीन मुळात चिकासॉ या मूलनिवासी लोकांची. 1832 च्या पॉन्टोटॉक करारानंतर त्यांना हा मुलूख सोडावा लागला. 1836 साली तीन व्यापाऱ्यांनी होका नावाच्या चिकासॉ बाईकडून जमीन घेतली आणि त्यातली 50 एकर नव्या काउंटीला दिली. गावाला ऑक्सफर्ड हे नाव दिलं ते विद्यापीठ मिळावं या आशेने. ती आशा फळली. 1841 मध्ये विधिमंडळाने एका मताच्या फरकाने याच गावाची निवड केली आणि 1848 साली मिसिसिपी विद्यापीठ सुरू झालं. कोर्टाची पहिली इमारत त्याआधीच उभी होती. 1860 च्या सुमारास काउंटीतल्या दर दहा माणसांमागे चारांहून अधिक जण गुलाम होते. खरेदीखतं आणि मृत्युपत्रं नोंदवणाऱ्या कचेरीत जमिनीइतकीच माणसंही मालमत्ता म्हणून नोंदली जात.

यादवी युद्धात, 22 ऑगस्ट 1864 रोजी, जनरल ए. जे. स्मिथच्या उत्तरेकडच्या फौजेने कोर्ट आणि चौकातली बहुतेक दुकानं जाळली. 1870 च्या दशकाच्या आरंभी कोर्ट पुन्हा त्याच जागी उभं राहिलं. 1907 मध्ये कोर्टाच्या दक्षिण बाजूला कॉन्फेडरेट, म्हणजे त्या युद्धात दक्षिणेकडून लढलेल्या, सैनिकाचा पुतळा बसवला. उंच खांबावर, तोंड दक्षिणेकडे. हरलेल्या युद्धाची ही आठवण कोर्टाच्या दारात उभी करावी, असं तेव्हाच्या गोऱ्या पुढाऱ्यांना वाटलं. काळ्या लोकांचा मताधिकार राज्याने 1890 च्या घटनेने जवळपास संपवलाच होता, त्यामुळे त्यांना कोणी विचारायचा प्रश्नच आला नाही.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 1908 मध्ये, एका गोऱ्या बाईच्या खुनाचा आरोप असलेल्या नेल्स पॅटन या काळ्या माणसाला जमावाने तुरुंग फोडून ठार मारलं आणि त्याचं प्रेत चौकात खांबाला टांगलं. खटला उभाच राहिला नाही. जमावाचं नेतृत्व आपण केलं, असं माजी सिनेटर विल्यम सुलिव्हन यांनी वर्तमानपत्रांना उघडपणे सांगितलं. शिक्षा कोणालाच झाली नाही.

त्या वेळी याच गावात अकरा वर्षांचा होत आलेला एक मुलगा राहत होता. त्याचं नाव विल्यम फॉकनर. त्याने पुढे आपल्या कादंबऱ्यांत ऑक्सफर्डचं ‘जेफरसन’ केलं. ‘द साउंड अँड द फ्युरी’ (1929) या कादंबरीचा शेवट चौकातच होतो. त्यातल्या बेंजी या पात्राची बग्गी नेहमी पुतळ्याच्या उजवीकडून वळते. एक दिवस ती डावीकडून वळते आणि तो ओरडत सुटतो. बग्गी पुन्हा ठरल्या वाटेला लागते तेव्हाच तो शांत होतो. चौकात रुजलेला क्रम मोडला की काय होतं, हे फॉकनरने एका वळणात दाखवलं.

1962 मध्ये गावाने ते प्रत्यक्ष पाहिलं. जेम्स मेरेडिथ या पहिल्या काळ्या विद्यार्थ्याच्या प्रवेशाविरुद्ध 30 सप्टेंबरच्या रात्री विद्यापीठात दंगल उसळली, दोन माणसं मेली आणि गावात केंद्र सरकारचं सैन्य आलं. पुढे चौकाचं अर्थकारण बदललं. 1979 मध्ये ‘स्क्वेअर बुक्स’ हे पुस्तकांचं दुकान इथे सुरू झालं आणि लेखकांचं येणंजाणं वाढलं. त्याचे मालक रिचर्ड हॉवर्थ पुढे दोनदा महापौर झाले.

पुतळ्याचा प्रश्न मात्र राहिला. 2020 च्या जुलैमध्ये विद्यापीठाने आपल्या आवारातला कॉन्फेडरेट पुतळा तिथल्या दफनभूमीत हलवला. त्याच महिन्यात काउंटीच्या पाचही लोकप्रतिनिधींनी चौकातला पुतळा जागेवरच ठेवायचं ठरवलं. 2022 मध्ये त्याच कोर्टाच्या आवारात काउंटीतल्या सात झुंडबळींच्या नावांचा फलक लागला. त्यात नेल्स पॅटनचंही नाव आहे. पॅटनला जे कोर्ट मिळालं नाही, त्याच्या आवारात त्याचं नाव यायला 114 वर्षं लागली. हा न्याय नव्हे, पण नोंद आहे. आणि नोंद ठेवणं हेच काउंटीच्या कोर्टाचं मूळ काम. ऑक्सफर्डला फॉकनरचं घर पाहायला जाणाऱ्यांनी आधी या चौकात थांबावं आणि पुतळ्याखालचा मजकूर व हा फलक, दोन्ही वाचावेत.