जैविक औषधे आणि त्वचेचे विरोधाभासी दुष्परिणाम

ज्या आजारावर एखादे औषध दिले जाते, तोच आजार त्या औषधामुळे उद्भवणे ही विसंगत वाटणारी बाब जैविक औषधांच्या वापरात दिसून आली आहे. इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब व एटानरसेप्ट ही औषधे संधिवात व सोरायसिसवर, तर यांपैकी पहिली दोन आतड्यांचा दाह होणाऱ्या क्रोन्स रोगावरही वापरली जातात. मात्र सोरायसिस कधीही न झालेल्या काही रुग्णांना ही औषधे घेताना सोरायसिसचे चट्टे उठतात. यालाच विरोधाभासी दुष्परिणाम म्हणतात.

ही औषधे ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, अर्थात टीएनएफ, या दाहकारक प्रथिनाला निष्प्रभ करतात. परंतु हेच प्रथिन इंटरफेरॉन-अल्फा या दुसऱ्या द्रव्याच्या निर्मितीवर अंकुश ठेवते. तो अंकुश सुटल्याने त्वचेचा दाह सुरू होतो, असे संशोधक मानतात.

इन्फ्लिक्सिमॅबला अमेरिकेत १९९८ मध्ये क्रोन्स रोगासाठी मान्यता मिळाली. पुढे या गटातील औषधांच्या माहितीपत्रकात सोरायसिसविषयीचा इशारा समाविष्ट करण्याचा निर्णय तेथील अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये जाहीर केला. भारतात अडालिमुमॅबची देशी समरूप आवृत्ती २०१४ मध्ये उपलब्ध झाली.

तळहात व तळपायांवर पू भरलेले बारीक फोड, डोक्याच्या त्वचेवर खवले व क्वचित केसगळती ही प्रमुख लक्षणे होत. औषध सुरू केल्यानंतर काही दिवसांत किंवा काही वर्षांनीही ती दिसू शकतात. आपल्याकडे असे चट्टे गजकर्ण समजून दुकानातून परस्पर मलम आणले जाण्याची शक्यता असते. त्यामुळे योग्य निदान लांबणीवर पडते.

पुरळ दिसताच जैविक औषध स्वतःहून बंद करणेही हितावह नाही. मूळ आजार पुन्हा उफाळू शकतो. इन्फ्लिक्सिमॅबमध्ये खंड पडल्यास शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन ते पुढे निष्प्रभ ठरण्याचा धोका असतो. सौम्य त्रासात मलमे किंवा प्रकाशोपचार देऊन तेच औषध बहुधा चालू ठेवता येते. त्रास तीव्र असल्यास उस्टेकिनुमॅबसारख्या वेगळ्या गटातील औषधाचा विचार केला जातो. हा निर्णय त्वचारोगतज्ज्ञ व मूळ आजारावर उपचार करणारे डॉक्टर यांनी एकत्रितपणे घेणे आवश्यक असते.