आंधी : निरीक्षण आणि छायाचित्रण (बगरू परिसर)

पावसाळ्याआधी, मुख्यतः एप्रिल ते जूनमध्ये, वायव्य भारतात उठणारे धुळीचे वादळ. धुळीमुळे दृश्यमानता एक किलोमीटरच्या खाली गेली, की हवामानशास्त्राच्या लेखी ते धुळीचे वादळ ठरते. जयपूरच्या नैर्ऋत्येस सुमारे ३० किमी.वर, अजमेर रस्त्यालगतच्या बगरूभोवतीचे सपाट, निमशुष्क रान ते दुरून न्याहाळायला सोयीचे आहे. गडद आंधीला राजस्थानात ‘काळी-पीळी’ म्हणतात.

आंधी दोन तऱ्हेची असते. एकीत जोरकस पश्चिमी वारा तासन्‌तास धूळ उडवत राहतो. तिच्या छायाचित्रात मळकट आकाशापलीकडे काही येत नाही. दुसरी गडगडाटी ढगातून जन्मते, आणि पाहण्याजोगी हीच. उन्हाळ्यात ढगाचा तळ उंच आणि खालची हवा कोरडी असल्याने बराचसा पाऊस वाटेतच सुकतो. त्या बाष्पीभवनाने गार, जड झालेली हवा खाली कोसळते, जमिनीवर चहूकडे पसरते आणि तिच्या पुढच्या कडेला धुळीची भिंत उभी राहते. भिंत पोचताच पारा झपाट्याने उतरतो. सुदानचा ‘हबूब’ याच जातीचा. पी. व्ही. जोसेफ आणि सहकाऱ्यांनी अशा आंधीवर १९८० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयात आधारभूत आहे.

निरीक्षणात वावटळीला टोर्नेडो म्हणण्याची चूक नेहमी होते. वावटळ निरभ्र दुपारी तापलेल्या जमिनीवरून वर चढते आणि बहुधा काही मिनिटांत विरते. टोर्नेडो गडगडाटी ढगाला जोडलेला असतो. म्हणून आधी सोंडेचे वरचे टोक पाहावे. भारतात टोर्नेडो विरळा, पण अपरिचित नाही : १७ मार्च १९७८ रोजी उत्तर दिल्लीत, तर मार्च २०२३ मध्ये पंजाबच्या फाजिल्का जिल्ह्यात त्याने नासधूस केली.

बगरूत आंधीची खरी धास्ती छिपांना, म्हणजे ठसेछपाई करणाऱ्यांना. ‘दाबू’ पद्धतीत माती, चुना आणि डिंक यांचा लगदा ठशाने कापडावर उमटवतात, तो दुसरीकडे चिकटू नये म्हणून वर लाकडाचा भुसा भुरभुरतात आणि कापड उघड्या मैदानात उन्हात पसरतात. लगदा वाळला की कापड निळीच्या हौदात जाते. ओल्या लगद्यावर धूळ बसली किंवा कापडाची घडी पडली, तर नक्षी बिघडते. जमिनीवर अंथरलेल्या या लांबलचक पट्ट्या छायाचित्रात वादळाच्या आकाराचे मापही देतात. नुसत्या धुळीच्या भिंतीवरून तिची उंची डोळ्यांना उमगत नाही. विजेचा खांब किंवा खेजडीचे झाडही मापाचे हेच काम करते.

धुळीवर कॅमेऱ्याचे स्वयंचलित फोकस अडखळते, त्यामुळे दूरच्या खांबावर ते आधीच हाताने पक्के करावे. भिंत जवळ येताना उजेड झपाट्याने घटतो. एक्स्पोजरही तितक्याच झपाट्याने बदलावे लागते. लेन्स मात्र मैदानात बदलू नये. वावटळ प्रकाशाच्या दिशेने, गडद झाडांच्या पार्श्वभूमीवर टिपली तर तिचे कण उजळतात. प्रत्येक छायाचित्रासोबत वेळ, ठिकाण आणि दिशा टिपून ठेवावी. तरच ते जयपूरच्या डॉपलर रडारच्या नोंदींशी ताडून पाहता येते.

भिंत अंगावर येण्याआधीच पक्क्या इमारतीत जावे. २ मे २०१८ च्या रात्री राजस्थान व उत्तर प्रदेशात वादळाने शंभराहून अधिक बळी घेतले. भरतपूर, अलवर आणि धौलपूर यांना मोठी झळ बसली. पडणाऱ्या भिंती आणि उन्मळणारी झाडे यांचा धोका मोठा असतो. महामार्गावर गाडी थांबवून छायाचित्रे घेणेही तितकेच घातक, कारण धुळीत मागच्या ट्रकला पुढचे काही दिसत नाही.