शातो म्युझार

लेबनॉनमधील एक नामांकित लाल वाइन आणि ती बनवणारी होशार कुटुंबाची वायनरी. गास्तों होशार यांनी १९३० मध्ये बैरूतच्या उत्तरेला गझीर येथे ती सुरू केली. द्राक्षे मात्र डोंगरापलीकडच्या बेका खोऱ्यातून येतात. बागा एकीकडे आणि टाक्या दुसरीकडे, ही व्यवस्था एरवी नुसती गैरसोयीची. यादवी युद्धात तीच जिवावर बेतली.

लेबनॉन आणि अँटी-लेबनॉन या पर्वतरांगांमधले बेका खोरे समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटर उंचीवर आहे. पाऊस आणि बर्फ हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा. दिवसा ऊन कडक असले तरी रात्री गारवा पडतो, त्यामुळे द्राक्षात गोडी भरते आणि आंबटपणाही टिकतो. याच खोऱ्यात बालबेकला मद्यदेव बाकस याचे म्हणून ओळखले जाणारे भव्य रोमन मंदिर उभे आहे. आधुनिक काळात जेझुइट धर्मगुरूंनी १८५७ मध्ये क्सारा येथे वाइननिर्मितीला नव्याने चालना दिली. म्युझारच्या काळ्या द्राक्षांच्या बागा आना, केफ्राया या गावांच्या परिसरात, चुनखडकावरच्या खडीमिश्रित जमिनीत आहेत.

कॅबर्ने सोव्हिन्यॉन, सँसो आणि कॅरिन्यान या तीन जातींपासून ही वाइन बनते. कॅबर्नेमुळे तिला कणा आणि तुरटपणा मिळतो, सँसोमुळे सुगंध आणि मऊपणा, तर कॅरिन्यानमुळे भरीवपणा. प्रत्येक जातीचा रस सिमेंटच्या टाक्यांत वेगळा आंबवतात, तोही द्राक्षांवरच्या नैसर्गिक यीस्टवर. नंतर वाइन सुमारे वर्षभर फ्रेंच ओकच्या पिंपांत मुरते आणि त्यानंतरच तिन्हींचे मिश्रण होते. मिश्रणाचे प्रमाण ठरीव नाही. ज्या वर्षी जी जात चांगली उतरली तिला झुकते माप. बाटलीत भरल्यावरही वाइन तळघरात राहते आणि खुडणीनंतर सातव्या वर्षी बाजारात येते. पैसा इतकी वर्षे अडकवून ठेवणे कुटुंबाच्या चिकाटीमुळेच शक्य झाले.

गास्तों यांचे पुत्र सर्ज होशार यांनी १९५९ मध्ये वाइननिर्मितीची सूत्रे हाती घेतली. १९७५ ते १९९० या युद्धकाळात त्यांनी बागा सोडल्या नाहीत. १९७६ मध्ये वाइन झालीच नाही. १९८४ मध्ये रस्ते बंद असल्याने द्राक्षांचे ट्रक मोठा वळसा घेऊन आले आणि वाटेतच द्राक्षे आंबू लागली. देशातली विक्री ढासळल्यावर सर्ज यांनी परदेशाची वाट धरली. १९७९ मध्ये ब्रिस्टलच्या वाइन मेळ्यात मायकेल ब्रॉडबेंट या जाणकाराने या वाइनची मुक्तकंठाने स्तुती केली आणि ब्रिटनची बाजारपेठ खुली झाली. ‘डिकँटर’ मासिकाने १९८४ मध्ये सर्ज यांचा ‘मॅन ऑफ द इयर’ म्हणून गौरव केला. २०१४ च्या अखेरीस त्यांचे निधन झाले.

या वाइनमध्ये नाकात झोंबणारी आम्लता जाणवते आणि दोन वर्षांची चव सारखी नसते, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. पण साचेबंद निर्दोषपणासाठी ही वाइन घेऊच नये. सुके अंजीर, चेरी, चामडे आणि मसाल्यांचा तिचा दरवळ दुसरीकडे क्वचितच भेटतो, आणि चांगल्या वर्षांच्या बाटल्या कित्येक दशके टिकतात. ही वाइन गाळून स्वच्छ केलेली नसल्यामुळे तळाशी साका बसतो. म्हणून बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवावी आणि वाइन सावकाश दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावी.