घड्याळाला न दिसणारी हवा

२२ ऑगस्ट १९२० रोजी अँटवर्पला ऑलिंपिक मॅरेथॉन झाली. तिच्या निकालपत्रात एकोणिसाव्या क्रमांकावर फडेप्पा दरेप्पा चौगुले हे नाव आहे. चौगुले बेळगावचे. वेळ २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद. आजच्या मोजमापाने ही वेळ फार मोठी वाटणार नाही. मुंबईत दर जानेवारीला काही हौशी धावपटूही याहून लवकर पोचतात. पण एवढा एक आकडा पाहून चौगुल्यांचे मोल ठरवणारा वाचक फसेल, कारण त्या आकड्यात दोन गोष्टी लपल्या आहेत. एक अंतराची आणि दुसरी हवेची.

चौगुले तिथे पोचले कसे, ही हकीकत खेळाच्या इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहे. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडामेळाव्यात दोराबजी टाटांनी खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांना धावताना पाहिले. शेतात राबणारी, अनवाणी, शिस्तशीर सरावाचा वाराही न लागलेली ही मुले होती. मेळाव्याला मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड हजर होते आणि लोकांचे सगळे लक्ष होते ते लांब पल्ल्याच्या शर्यतीकडे. या मुलांच्या वेळा पाहून दोराबजींनी त्यांना युरोपात पाठवायचे मनावर घेतले. पुढच्या वर्षी चार धावपटू आणि दोन पैलवान अँटवर्पला गेले. मॅरेथॉनमध्ये चौगुल्यांबरोबर सदाशिव दातारही उतरले होते. त्यांना शर्यत पुरी करता आली नाही.

आता अंतर. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतर तेव्हा पक्के रुळलेले नव्हते. अँटवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा होता, म्हणजे ५५५ मीटर जास्त. चौगुल्यांची सरासरी गती किलोमीटरला जवळपास नेमकी चार मिनिटे पडते. त्या हिशेबाने जादा अंतराची सव्वादोन मिनिटे वजा केली, तर त्यांची वेळ २ तास साडेअठ्ठेचाळीस मिनिटांवर येते. हा हिशेब सोपा आहे, कोणालाही करता येतो.

हवेचा हिशेब इतका सोपा नाही. त्या दिवशी अँटवर्पला थंडी होती, रिमझिम होती. विजेता फिनलंडचा हॅनेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पोचला. ४८ जण धावले आणि ३५ जणांनी शर्यत पुरी केली. ही हवा किती उपकारक होती हे कळायला आधीचे ऑलिंपिक पाहावे लागते. १४ जुलै १९१२ रोजी स्टॉकहोमला पारा ३२ अंशांच्या आसपास गेला होता. ६८ धावपटूंपैकी जेमतेम निम्मे शेवटपर्यंत टिकले. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो वाटेत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. उन्हापासून बचाव व्हावा म्हणून त्याने अंगाला चरबीसारखा लेप लावला होता, त्यामुळे घाम कोंडला, असे सांगतात. विजेता केन मॅकार्थर ४०.२ किलोमीटर धावला, किलोमीटरला सरासरी ३ मिनिटे ५४ सेकंदांनी. म्हणजे रिमझिमीत धावलेले बेळगावचे चौगुले उन्हात धावलेल्या ऑलिंपिक विजेत्यापेक्षा किलोमीटरमागे फक्त पाच-सहा सेकंदांनी मागे होते, आणि तरीही ते एकोणिसावे आले.

यावरून चौगुले मॅकार्थरच्या तोडीचे होते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मार्ग निराळे, रस्ते निराळे, मधली आठ वर्षे आणि एक महायुद्ध. तरीही कोलेहमाइनेन आणि मॅकार्थर यांच्यातला किलोमीटरमागे वीस सेकंदांचा फरक एकट्या गुणवत्तेचा नाही, एवढे निश्चित.

हवा पायांना का अडवते? स्नायू खर्च करतात त्या शक्तीतला सुमारे पाऊण भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. धावणारा माणूस ही चालती भट्टीच. ती विझती ठेवायचे काम घामाचे. पण नुसता घाम येऊन चालत नाही, तो वाळला पाहिजे. मुंबईकराला हे वेगळे समजावायला नको. नागपूरला माठातले पाणी मे महिन्यातही गारेगार असते आणि खिडकीतला कूलर खोली थंड करतो. तोच माठ नि तोच कूलर मुंबईत आणला की दोघेही निकामी, कारण हवेतच पाणी भरलेले असते. धावपटूची त्वचा म्हणजे असाच एक माठ आहे. घाम वाळेना झाला की शरीर कातडीकडे जास्त रक्त धाडते, तेवढे ते पायांना कमी पडते, हृदय जोरात धडधडू लागते आणि गती आपोआप उतरते. म्हणून अमेरिकी लष्कराने १९५०च्या दशकात नौसैनिकांच्या कवायतीसाठी उष्म्याचा निर्देशांक बसवला, तेव्हा त्यात साध्या तापमापकाला फक्त एक दशांश वजन दिले, उन्हात टांगलेल्या काळ्या गोळ्याच्या तापमापकाला दोन दशांश, आणि ओले फडके गुंडाळलेल्या तापमापकाला तब्बल सात दशांश. दूरच्या शर्यतींचे आयोजक आज याच निर्देशांकावर विसंबतात.

मग धावायला उत्तम हवा कोणती? नूर एल हेलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली पॅरिस, लंडन, बर्लिन, बोस्टन, शिकागो आणि न्यूयॉर्क या सहा मॅरेथॉनमधल्या दहा वर्षांच्या, सुमारे अठरा लाख धावपटूंच्या वेळा तपासल्या. धावपटूच्या कुवतीनुसार सर्वांत अनुकूल तापमान ३.८ ते ९.९ अंश सेल्सिअस निघाले. आता हा आकडा मुंबईच्या नोंदीशेजारी ठेवून पाहावा. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची. तिथे आजवर नोंदवलेले सर्वांत कमी तापमान आहे ११.७ अंश, २२ जानेवारी १९६२चे. म्हणजे दक्षिण मुंबईची ज्ञात इतिहासातली सर्वांत थंड पहाटसुद्धा मॅरेथॉनच्या दृष्टीने उबदारच. त्याच पहाटे सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता. एकाच शहरात, एकाच सकाळी, सव्वाचार अंशांचा फरक.

हा फरक समुद्राने केलेला असतो, आणि त्याची भाषा आपल्याकडे वेधशाळेच्या कितीतरी आधीपासून आहे. शीव कोळीवाड्याचेच पाहा. शीव म्हणजे गावाची हद्द. इंग्रजांची मुंबई इथे संपत होती आणि खाडीपलीकडे पोर्तुगीजांची साष्टी सुरू होत होती. आज या कोळीवाड्यातून समुद्र दिसत नाही. फाळणीनंतर आलेल्या पंजाबी कुटुंबांनी वस्तीचा तोंडवळा बदलला, कोळीवाडा स्टेशनचे गुरू तेग बहादूर नगर झाले, आणि बाहेरच्या जगाला हे नाव ठाऊक आहे ते बहुधा तळलेल्या कोळंबीमुळे. पण ज्या समाजाने ही वस्ती वसवली, त्याचा दिवस दोन वाऱ्यांवर चाले. रात्री जमीन निवते आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. त्याच्या पाठबळावर शिडाची होडी बाहेर पडायची. जमीन तापली की वारा उलटतो आणि समुद्राकडून येऊ लागतो, तो खारा. त्याच्यावर होडी परतायची. शाळेच्या भूगोलात आपण हे दोन शब्द घोकले आणि विसरलो. मुंबईच्या मॅरेथॉनचे सगळे घड्याळ मात्र याच दोन वाऱ्यांच्या मधल्या फटीत बसवलेले आहे.

मतलई वारा हलका असतो आणि खाऱ्याच्या मानाने कोरडा. जानेवारीत तो सकाळी उशिरापर्यंत टिकतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून गणित बिघडू लागते. पूर्वेकडचे वारे जोर धरतात, खारा वारा सुटायला उशीर करतो, आणि तो येईपर्यंत शहर तापत राहते. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुंबईचा पारा अचानक उसळला की वेधशाळेच्या खुलाशात हेच कारण असते: समुद्रावरचे वारे उशिरा आले.

पहिली मुंबई मॅरेथॉन १५ फेब्रुवारी २००४ रोजी झाली. ती जिंकली दक्षिण आफ्रिकेच्या हेंड्रिक रामालाने, २ तास १५ मिनिटे ४७ सेकंदांत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हाच रामाला न्यूयॉर्कची मॅरेथॉन जिंकला, २ तास ९ मिनिटे २८ सेकंदांत. न्यूयॉर्कचा मार्ग काही सपाट नाही, पाच पुलांचे चढउतार आहेत. तरीही एकाच माणसाच्या, एकाच वर्षातल्या दोन वेळांत सव्वासहा मिनिटांचे अंतर पडले. स्पर्धेची चुरस, सोबतीला धावणारे, सराव, सगळ्याचा वाटा त्यात आहे. पण फेब्रुवारीच्या मुंबईचा वाटा माझ्या मते सर्वांत मोठा. पुढच्याच वर्षी शर्यत जानेवारीत आली आणि तिथेच राहिली. त्यानंतर विजेत्यांच्या वेळा उतरत गेल्या: २०१६ साली गिडिअन किपकेटर २:०८:३५, २०२० साली देरारा हुरिसा २:०८:०९, २०२३ साली हायले लेमी २:०७:३२. यात बक्षिसांची रक्कम आणि नव्या बुटांचाही हात आहे, सगळे श्रेय पंचांगाला देता येणार नाही. पण लेमीचीच उदाहरणे घ्या. २०१६च्या जानेवारीत दुबईच्या सपाट रस्त्यावर, पहाटेच्या गारव्यात तो २:०४:३३ धावला. तीन महिन्यांनी बोस्टनला हवा उबदार होती, मार्ग चढउताराचा होता; तिथे तो जिंकला, पण २:१२:४५ या वेळेने. माणूस एक, वर्ष एक, आणि फरक आठ मिनिटांहून जास्त.

असे असूनही विक्रमांच्या वहीत हवेला जागा नाही, आणि मला यातली ही सर्वांत विचित्र गोष्ट वाटते. शंभर मीटरच्या शर्यतीत पाठीमागून सेकंदाला दोन मीटरहून जास्त वारा असेल, तर विक्रम धरत नाहीत. त्यासाठी मैदानावर वारा मोजायचे यंत्र असते. दहा सेकंदांच्या शर्यतीला एवढी दक्षता. मॅरेथॉनला मात्र वाऱ्याची काळजी घेतली जाते ती नकाशावर: सुरुवात आणि शेवट यांच्यातले सरळ अंतर एकूण अंतराच्या निम्म्याहून जास्त नसावे आणि उतार किलोमीटरमागे एक मीटरपेक्षा अधिक नसावा. २०११ साली बोस्टनला पाठीवर वारा घेऊन जेफ्री मुताई २:०३:०२ धावला. तेव्हापर्यंत इतक्या कमी वेळात ही शर्यत कोणी धावले नव्हते, पण ती वेळ विश्वविक्रम ठरली नाही, कारण बोस्टनचा मार्ग मुळातच या दोन्ही नियमांत बसत नाही. तापमान आणि दमटपणा यांना मात्र नियमपुस्तकात रकानाच नाही. शिवनाथ सिंग यांनी १९७८च्या मे महिन्यात जालंधरला २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन पुरी केली आणि तो राष्ट्रीय विक्रम चाळीसहून अधिक वर्षे टिकला. पंजाबातला मे महिना! दोन वर्षांपूर्वी माँट्रिअल ऑलिंपिकच्या पावसात हेच शिवनाथ २:१६:२२ या वेळेने अकरावे आले होते.

म्हणजे पाऊस आला की वेळ सुधारलीच, असेही नाही. २०१६च्या रिओ ऑलिंपिकने हे दोन्ही बाजूंनी दाखवले. महिलांची शर्यत उन्हात झाली. आदल्या वर्षी बीजिंगला २:३४:४३ धावलेल्या ओ. पी. जैशाला २:४७:१९ लागले आणि शर्यत संपताच ती कोसळली. नाशिकच्या कविता राऊतला जवळपास तीन तास लागले. आठवड्याभराने पुरुषांची शर्यत पावसात झाली. टी. गोपी आणि खेता राम दोघेही आपापल्या तोवरच्या सर्वोत्तम वेळेने, एका सेकंदाच्या अंतराने, २:१५:२५ आणि २:१५:२६ला आले. आणि त्याच पावसात, त्याच संघातला नितेंद्रसिंग रावत २:२२:५२ला पोचला. तो सहा महिन्यांपूर्वी गुवाहाटीला २:१५:१८ धावलेला होता. हवा सगळ्यांना सारखी मिळते, पण सगळ्यांना सारखी लागत नाही.

ती सर्वांत कमी लागते ती पुढच्यांना. २००७ साली मॅथ्यू ईली आणि सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतल्या सात मॅरेथॉनच्या निकालांतून दाखवले, की उष्मा वाढत गेला तसे सगळेच मंदावतात, पण मागचे धावपटू पुढच्यांपेक्षा कितीतरी जास्त. कारण उघड आहे. मागचे जास्त वेळ रस्त्यावर असतात, घोळक्यात धावतात आणि त्यांच्या वाट्याला दिवसाचा चढता भाग येतो. मुंबईत अलीकडे आघाडीचे धावपटू सकाळी सात वाजून वीस मिनिटांच्या सुमारास सुटतात, म्हणजे सूर्य नुकताच वर आलेला असताना, आणि साडेनऊच्या आत त्यांचा पुढचा जथा मोकळा होतो. हौशी धावपटू पहाटेच्या अंधारात निघतात. सहा तास घेणारी बाई अकराच्या पुढेमागे परतीच्या वाटेवर, मरीन ड्राइव्हला लागलेली असते. डांबर तापलेले, मतलई पडलेला, खारा अजून सुटायचा असतो. त्या मधल्या वेळेत वारा नावालाही नसतो. तिचे नि विजेत्याचे नाव एकाच निकालपत्रात छापले जाते.