माणसांची कुपी, मालाची कुपी

एकाच सांगाड्यावर मालाचा ट्रकही उभारता येतो आणि प्रवासी बसही. ठाण्याच्या वागळे इस्टेटच्या रस्त्यांवर दोन्ही रोज दिसतात. अंतराळ स्थानकाकडे जाणाऱ्या यानांचेही पुष्कळदा तसेच असते. माणसे नेणारे यान आणि माल नेणारे यान बाहेरून सारखे दिसते. भेद असतो तो इंजिने कोठे बसविली आहेत आणि ती बिघडली तर पुढे काय, यात.

रशियाचे ‘प्रोग्रेस’ हे ‘सोयुझ’चेच मालवाहू भावंड. ते प्रथम १९७८ साली उडाले. सोयुझच्या मध्यभागी अंतराळवीरांची परतीची कुपी असते. प्रोग्रेसमध्ये त्या जागी स्थानकाला पुरवायच्या इंधनाच्या टाक्या असतात. उष्णतारोधक कवच नाही, पॅराशूट नाही; काम संपले की केरकचरा भरून ते वातावरणात जाळून टाकले जाते. मागचा सेवाकक्ष मात्र दोहोंत जवळपास एकच. मुख्य इंजिन, छोटे थ्रस्टर, सौरपंखे आणि शीतकाच्या नळ्या त्यातच असतात. डिसेंबर २०२२ मध्ये स्थानकाला जोडलेल्या सोयुझ एमएस-२२ चे शीतक गळून गेले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रोग्रेस एमएस-२१ चेही. प्रोग्रेस आठवडाभरात नष्ट करण्यात आले. सोयुझच्या तिघा प्रवाशांसाठी मात्र दुसरे रिकामे यान धाडावे लागले आणि त्यांची सहा महिन्यांची मोहीम ३७१ दिवसांची झाली.

अमेरिकेच्या ‘ड्रॅगन’ची रीत निराळी. येथे सर्व थ्रस्टर व त्यांचे इंधन कुपीतच असते. ‘ट्रंक’ हा मागचा नळकांड्यासारखा भाग वीज आणि शीतन सांभाळतो व परतीपूर्वी सोडून दिला जातो. त्यामुळे इंजिने पृथ्वीवर परत येतात, तपासता येतात, पुन्हा वापरता येतात. प्रवासी ड्रॅगनमध्ये १६ ड्रॅको थ्रस्टरखेरीज ८ सुपरड्रॅको इंजिने असतात. रॉकेटने दगा दिल्यास ती कुपीला दूर ढकलतात. मालवाहू आवृत्तीत ती नाहीत. सामानाच्या पेट्यांसाठी एवढा खटाटोप कोण करील!

पण परस्परांना स्पर्श होताच पेटणारी विषारी द्रव्ये माणसांच्या इतक्या निकट बाळगणे, हा या रचनेतला धोका होय. एप्रिल २०१९ मध्ये जमिनीवरील चाचणीत अशी एक कुपी स्फोटाने नष्ट झाली. गळक्या झडपेतून ऑक्सिडायझर हेलियमच्या नळीत शिरले होते. त्यानंतर तेथे झडपांऐवजी दाब येताच फुटणाऱ्या चकत्या बसविण्यात आल्या. वागळे इस्टेटच्या यंत्रशाळेत झडप गळली तर यंत्र थांबवून वॉशर बदलता येतो. कक्षेत ही सोय नाही.

बोइंगच्या ‘स्टारलायनर’ने बहुतेक थ्रस्टर सेवाकक्षात ठेवले. जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांना स्थानकावर नेताना त्याचा हेलियम गळू लागला, पाच थ्रस्टर बंद पडले. सप्टेंबरमध्ये यान रिकामेच उतरले; दोघे अखेर मार्च २०२५ मध्ये ड्रॅगनमधून परतले. बिघडलेले थ्रस्टर मात्र अभियंत्यांच्या हाती आलेच नाहीत, कारण सेवाकक्ष परतीच्या वाटेवर जळून गेला.

भारताच्या ‘गगनयान’नेही स्वतंत्र सेवाकक्षाचाच मार्ग पत्करला आहे. त्यात ४४० न्यूटन बलाची ५ इंजिने आणि १०० न्यूटनचे १६ थ्रस्टर आहेत. याच जातीच्या एका इंजिनाने मंगळयानाला २०१४ साली मंगळाच्या कक्षेत नेले होते. तेथे एक पुरले. माणसांच्या प्रवासात एकावर विसंबता येत नाही. जुलै २०२५ मध्ये महेंद्रगिरी येथे या यंत्रणेची ३५० सेकंदांची पूर्ण मुदतीची चाचणी झाली. सेवाकक्ष सुटल्यावर दिशा सांभाळण्यासाठी कुपीवर वेगळे थ्रस्टर आहेत. आणीबाणीत कुपी ओढून नेणारी घनइंधनाची इंजिने रॉकेटच्या शेंड्यावर असतात; त्यांची चाचणी २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथे झाली. हे यान वाहून नेणाऱ्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या द्रवइंधन टप्प्याला दोन ‘विकास’ इंजिने लागतात. ‘विकास’ इंजिने घडविणाऱ्या गोदरेजचा कारखाना ठाण्याहून लोकलने काही स्थानकांवर, विक्रोळीत आहे.